तीनदा जिंकणाऱ्याचा कप

माझी बायको इला घोड्यांची डॉक्टर होती. अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या मराठी मंडळींना हे कधी नीट पचलं नाही. "म्हणजे वहिनींनी माणसांची परीक्षा दिलीच नाही का?" असं मला कितीतरी जणांनी विचारलं असेल. इला म्हणायची, "माणसं फार तक्रार करतात हो." ती गेल्यावर हॉल घेऊन शोकसभा झाली. सात जण बोलले. तिच्या पुरणपोळ्या, तिची गणपतीची सजावट, तिचा हसरा स्वभाव. घोड्याचं नाव कोणी काढलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. मीही उठून काही बोललो नाही.

बाळू तिचा घोडा. कागदोपत्री त्याचं नाव सेकंड एडिशन. पाच वर्षांचा असताना सपाट मैदानावरच्या शर्यतीत त्याच्या डाव्या पुढच्या पायाचा स्नायुबंध दुखावला आणि मालकाने त्याला मोडीत काढला. इला तपासायला गेली आणि घोडा घेऊनच आली. गराजमध्ये ठेवणार का, असं मी विचारलं. तिने वर्षभर त्या पायाला बर्फ लावला, पट्ट्या बांधल्या, त्याला दोरीला धरून चालवलं. मग तो जोआनकडे दिला. जोआन ही मिडलबर्गजवळची ट्रेनर, सत्तरीची बाई. ती घोड्यांना कुंपणांवरून उड्या मारायच्या शर्यतींसाठी तयार करते. तीन मैलांच्या वर अंतर आणि वाटेत माणसाच्या छातीएवढी लाकडी कुंपणं.

पहिल्याच शर्यतीत बाळूने दुसऱ्या कुंपणावर जॉकीला पाडलं आणि उरलेली सगळी कुंपणं एकट्याने पार करून पहिला आला. जॉकीशिवायचा विजय धरला जात नाही. इला त्या दिवशी जितकी हसली तितकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत त्याने चार शर्यती जिंकल्या. नऊ वर्षांचा असताना आमच्या भागातला सर्वांत जुना चांदीचा कप जिंकला. दहाव्या वर्षी पुन्हा तोच कप, आणि त्या मोसमात लाकडी कुंपणांवरचा देशातला सर्वोत्तम घोडा म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. कपावर दोनदा कोरलं गेलं, डॉ. इला देवस्थळी. कप वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी राहतो, मग परत द्यावा लागतो. तीनदा जिंकणाऱ्या मालकाला तो कायमचा मिळतो.

त्या हिवाळ्यात इलाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. अकरा आठवडे मिळाले. शेवटी शेवटी ती घरीच होती. एका दुपारी तिने मला जवळ बसवून घेतलं.

"बाळूचा पाय आता संपलाय. मी हात लावून बघितलाय. वरून दिसणार नाही, स्कॅनमध्येही कदाचित दिसणार नाही. त्याला परत पळवायचं नाही. जोआनला सांग."

"सांगतो," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात राहून गेलं, हे खरं. पुढे मुद्दामच सांगितलं नाही.

तिच्या अस्थी आम्ही नदीत सोडल्या. इथल्या लोकांच्या बायकांची नावं दगडावर असतात. जाऊन उभं राहता येतं. इला चाळीस वर्षं ज्या देशात राहिली तिथे तिचं नाव कुठे आहे, असं मी शोधायला लागलो, तर ते फक्त त्या कपावर होतं. तोही पुढच्या शर्यतीआधी क्लबला परत द्यायचा होता. बाळू अजून एकदा जिंकला तर कप कायमचा माझ्या घरात राहणार होता.

ती गेल्यानंतर सगळी कागदपत्रं मी पंधरा दिवसांत संपवली. बँक, गाडी, विमा आणि घोडा. वकील म्हणाला होता, घोड्याची घाई नाही, तिच्या इस्टेटीच्या नावावर राहू दे. मी टेलिकॉममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, अर्धवट फाइल मला बघवत नाही. बाळू माझ्या नावावर करून घेतला. आमच्या मराठी मंडळींतला रवी म्हणाला, काका, तुमच्यासारखं ऑर्गनाइज्ड कोणी नाही यार. मला बरं वाटलं होतं.

जोआनने फोन करून सरळ विचारलं, इला काय म्हणाली होती? पळवा म्हणाली होती, मी सांगितलं. माझी मुलगी चारुता ट्रॉयहून कपाच्या शर्यतीसाठी आली होती. गाडीत तिने विचारलं, "बाबा, आई वॉन्टेड धिस? आर यू शुअर?"

"तिला कप हवा होता," मी म्हणालो. इलाला कपाचं काहीच नव्हतं. वर्षभर ती त्यात लिंबं ठेवायची.

बाळू जिंकला. शेवटच्या कुंपणाला तो तिसरा होता, चढावर दोघांना मागे टाकून मानेभर पुढे आला. लोक ओरडत होते. मी रडत होतो. शेवटची रेषा ओलांडून शंभर यार्ड पुढे जॉकी घाईने खाली उतरला आणि त्याने लगाम धरून घोड्याला उभं केलं. डाव्या पुढच्या पायाचा खुरावरचा सांधा जवळजवळ जमिनीला टेकला होता. जखमी घोडा लोकांच्या नजरेआड करायचे हिरवे पडदे घेऊन माणसं धावली.

मला मात्र आधी स्टेजवर बोलावलं. क्लबची सेक्रेटरी भली बाई. तिने कप माझ्या हातात दिला आणि वर्षभर जपून ठेवा म्हणाली. मी म्हटलं, तिसरी वेळ आहे, कायमचा ना? तिने तिच्या हातातली यादी पाहिली. सावकाश सांगितलं की दोन विजय डॉक्टर देवस्थळींचे, हा तुमचा पहिला. घोडा इस्टेटीच्या नावावर असता तर हा विजय त्यांचाच धरला असता, मालक बदलला की मोजणी नव्याने सुरू होते. तिला वाईट वाटत होतं. मग तिने विचारलं, नाव कसं कोरायचं, प्रल्हादचं स्पेलिंग सांगाल?

मी कप चारुताकडे दिला आणि पडद्यामागे गेलो.

जोआन बाळूचं डोकं धरून उभी होती. घोड्यांचा तरुण डॉक्टर म्हणाला, पायात काही उरलेलं नाही, इंजेक्शन देऊन त्याला सोडवावं लागेल, मालकाची सही हवी. मी सही केली. इलानंतर मी केलेल्या सह्यांपैकी ही शेवटची.

"शी वुड हॅव नोन," जोआन म्हणाली. इलाला आधीच कळलं असतं, एवढंच तिला म्हणायचं होतं.

"तिला कळलं होतं," मी म्हणालो. "पळवू नका म्हणाली होती. मी तुला खोटं सांगितलं."

जोआन मला शिव्या देईल असं वाटलं. तिने दोरी माझ्या हातात दिली आणि ती पडद्याबाहेर निघून गेली.

मी इतक्या वर्षांत बाळूला कधी धरलं नव्हतं. मला त्याची थोडी भीतीच वाटायची. तो घामाने भिजलेला होता आणि थरथरत होता. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून त्याने मान माझ्या खांद्यावर टाकली. मी कोण आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, त्याच्याशी बोला, मदत होते. काय बोलायचं मला सुचेना. इला त्याच्याशी मराठीत बोलायची, ते मी कधी नीट ऐकलं नव्हतं.