पलीकडं मांडलेलं ताट

साहेब, तुम्ही आमच्या घरी पोटभर जेवलात, हात धुतलेत, दात कोरलेत आणि ज्या पुलासाठी आला होतात तो न बघताच गाडीत बसलात. एकदा नाही, दोनदा. हे मी पाठीमागं बोलत नाही. तुमच्या ड्रायव्हरसमोर बोललोय, शिपायासमोर बोललोय, आता लिहून सांगतोय. वरून तुम्हीच गावात निरोप धाडलात की या लोकांनी पाहुण्याला उपाशी लावून दिलं. कुणी कुणाला उपाशी ठेवलं, ते आता सगळं ऐका.

आमचं घर ओढ्याच्या अलीकडं आणि रान पलीकडं. मधे दगडी पूल होता. मागच्या मोठ्या पुरात त्याचा मधला भाग वाहून गेला. आता दोन्ही काठांवर दोन थोटकं उभी आहेत, भांडण झालेल्या भावांसारखी. समोरासमोर, पण बोलणं नाही. उन्हाळ्यात पाणी मांडीपर्यंत असतं, पण तळाला शेवाळ असं की पायाखाली साबण पसरावा. पावसाळ्यात तर बघायलाच नको. पाणी चढलं की रान पलीकडं आणि आपण अलीकडं, हात चोळत बसायचं.

माझा थोरला भाऊ डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन त्याच ओढ्यात आडवा झाला. पोतं वाहून गेलं आणि भावाचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून तो ओट्यावर बसून असतो आणि वहिनी दोघांचं काम करते. पलीकडं जाते, खुरपते, पाणी देते, ओझं घेऊन पाण्यातून परत येते. पावसाच्या आत पूल झाला तर रान कसायचं. नाही झाला तर दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचं. एवढं सरळ आहे. "अजून एक पावसाळा मी पाण्यातून ओझी आणणार नाही," असं ती म्हणाली होती. रागानं नाही म्हणाली. दमून म्हणाली. दमलेल्या माणसाचं बोलणं रागापेक्षा खरं असतं.

तर तुमचा पहिला निरोप आला. घेऊन आला आमच्या गावचा पुढारी. त्याला सगळे होयबा म्हणतात. तुमच्यासारखा कुणी दिसला की याची मान आपोआप हलायला लागते.

"वहिनी, साहेब येणार पूल बघायला. जेवण तुमच्याकडं."

"माझ्याकडंच का?"

"खुर्च्या तुमच्याकडं. फरशी तुमच्याकडं. आणि हाताला चव तुमच्या."

"चव आहे म्हणून मरू का? दुपारपर्यंत मी रानात असते."

"बघा बाई. साहेबांना ताजं लागतं. गरम लागतं. शिळं चालत नाही. त्यांनी पूल मंजूर केला तर तुमचंच भलं आहे."

ओट्यावरून भाऊ म्हणाला, "पूल बघायला डोळे लागतात, ताट कशाला लागतं?"

होयबा हसला. असल्या प्रश्नाला तो नेहमी हसतोच.

आता वहिनीची रीत सांगतो. पाहुणा दुपारचा येणार असला तर ती आदल्या दिवशीच सगळं करून ठेवते. तिला दुसरा इलाजच नाही. पाहुणा दारात आल्यावर चुलीपुढं बसायला ती घरात असायला तर हवी! कोंबडीचा रस्सा आदल्या संध्याकाळी शिजवायचा, पण मीठ हात राखून टाकायचं, कारण दुसऱ्यांदा उकळला की आटतो आणि खारट होतो. बटाटा रश्शात आदल्या दिवशी घालायचा नाही, सगळ्यांत आधी तोच आंबतो. घेवडे मऊ शिजवून तेलावर परतून ठेवायचे, पाण्याचा टिपूस राहू द्यायचा नाही. दुधात शिजवलेला गोड भात पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि भांड्याला ओलं फडकं गुंडाळायचं. मुरवलेल्या काकड्या तर बरणीत असतातच. भांड्यात ओला चमचा घातला की ती अशी बघते की चमचा आपोआप बाहेर येतो.

आणि तुमच्यासाठी एक खास युक्ती केली होती, साहेब. टेकडीवर तुमच्या गाडीची धूळ दिसली की मी आरोळी ठोकायची आणि वहिनीनं कढईत थोड्या तेलावर एक कांदा चुर्र करून परतायचा. तुम्ही दारात आलात की घरभर वास. तुम्ही नाक वर करून म्हणालात ना, "वा, ताजं ताजं चाललंय!" तो एकटा कांदा होता. बाकी सगळं आदल्या दिवशीचं. शिळं चालत नाही म्हणणारे तुम्ही बोटं चाटत होतात.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. पहिल्या वेळी तुम्ही आलाच नाहीत. होयबा सायकलवरून धापा टाकत आला, "उद्या येतील." मग वहिनीनं रस्सा पुन्हा उकळला. दुसऱ्या दिवशी, "परवा नक्की." पुन्हा उकळला. उन्हाळ्याचे दिवस, हवा अशी की दुधाआधी माणूस आंबावा. शेवटी रस्सा आटून काळा झाला, गोड भात फेसाळला आणि तो आम्ही म्हशीला घातला. रस्सा आम्ही खाल्ला. भाऊ म्हणाला, "साहेबाच्या नावानं का होईना, कोंबडी मिळाली." कोंबडी अंड्यावरची होती.

मग तुम्ही आलात तेव्हा दुसरी कोंबडी गेली. तुम्ही जेवलात. वाढून घेतलंत, पुन्हा वाढून घेतलंत. वहिनीला म्हणालात, "बाई, तुमच्या हातात जादू आहे." मी म्हणालो, "साहेब, पूल बघून येऊ?" तुम्ही म्हणालात, "जरा पाठ टेकतो." आमच्याच खाटेवर पाठ टेकलीत. उठलात तेव्हा उन्हं कलली होती. तुमचा शिपाई म्हणाला, पुढच्या गावाला उशीर होतोय. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी आधी पूल, मग जेवण."

पुढच्या वेळी आलात आणि म्हणालात, "भूक लागलीय हो, आधी जेवू." तिसरी कोंबडी गेली. आणि परत तेच. पोट वर, डोळे खाली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं असं लोक करतात, ठाऊक आहे. तुम्ही ताक पिऊन भांडंसुद्धा इथंच विसरून गेलात, साहेब.

त्या दिवशी आमच्या घरात भांडण झालं. भाऊ वहिनीला म्हणाला, "चूक तुझी आहे."

"माझी?"

"एवढं चांगलं करतेस कशाला? करपव जरा. मीठ जास्त टाक. माणूस दोन घास खाऊन उठेल आणि चार पावलं चालेल."

"मुद्दाम करपवू? पाहुण्याच्या ताटात?"

"पाहुणा कसला? पाहुणा बोलावल्यावर येतो. हा भूक लागल्यावर येतो."

वहिनी भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझ्या हातून करपणार नाही. सांगून ठेवते. पुलासाठीसुद्धा नाही."

"मग कर चांगलं, आणि जा पाण्यातून."

"जातेच आहे."

मी उठून बाहेर गेलो. ढग अजून दूर होते, पण जमीन तापून तडकली होती. बी कधी टाकायचं हे लोक एकमेकांना विचारायला लागले होते. आम्हाला मात्र कुणी विचारत नव्हतं. आमचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

मग होयबा परत आला. "साहेब शेवटचे येणार. या खेपेला नक्की बघणार. जेवणाचं तेवढं..."

मला वाटलं, वहिनी आता त्याला बाहेरचा रस्ता दाखवणार. ती शांतपणे म्हणाली, "करते. पण या खेपेला गरम नाही. गारच."

"साहेबांना गार?"

"रानात गरम कुठून आणू? जेवण रानात आहे."

"कुठल्या रानात?"

"माझ्या."

होयबाची मान हलायची थांबली. असं मी प्रथमच पाहिलं.

या वेळी तिनं रस्सा केलाच नाही. रस्सा सांडतो. मांस सुकं केलं, मसाल्यात इतकं परतलं की तेल सुटून बाजूला झालं. अंडी उकडली, कवचासकट ठेवली. घेवडे घट्ट केले. बटाटे सालीसकट भाजले. रोट्या दुधात मळून आदल्या दिवशीच भाजल्या आणि जाड फडक्यात बांधल्या. तशी रोटी दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागते. सगळं असं, की चूल नको, वाफ नको, झाडाखाली बसून कधीही खावं. मी म्हणालो, "वहिनी, साहेब चिडेल." ती म्हणाली, "चिडू दे. चिडायला तरी काठापर्यंत येईल."

सकाळीच आम्ही ते डबे डोक्यावर घेऊन पाण्यातून पलीकडं नेले. मी दोनदा घसरलो, ती एकदाही नाही. बांधावरच्या झाडाखाली सतरंजी अंथरली, ताट मांडलं, त्यावर दुसरं ताट झाकलं.

तुमची गाडी थेट ओढ्यापर्यंत आली. होयबा पुढच्या सीटवर घामानं भिजून बसला होता. तुम्ही काच खाली केलीत.

"काय चाललंय? जेवण कुठं आहे?"

मी रानाच्या काठावरून ओरडलो, "इकडं आहे साहेब, पलीकडं!"

"इकडं आणा!"

वहिनी उठून उभी राहिली. तुमच्याकडं बघून बोलली, पण मोठ्यानं नाही बोलली. वारा इकडून तिकडं होता म्हणून तुम्हाला ऐकू गेलं. "पूल असता तर आणलं असतं."

तुम्ही काच वर केलीत.

तुमचा ड्रायव्हर आधी आला. भूक कुणाला सोडत नाही. बूट हातात, पॅन्ट वर, तोंडानं आई आई करत आला. मग शिपाई आला, तो कमरेपर्यंत भिजला. दोघं सतरंजीवर बसले आणि वहिनीनं वाढलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, खरं सांगू? गेल्या खेपेपेक्षा हे भारी आहे." वहिनी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

जेवून झाल्यावर शिपाई अवघडून म्हणाला, "ताई, साहेबांचं ताट बांधून द्या ना. चिडलेत ते."

"देते की. नेणार कोण?"

"मीच नेतो."

तिनं ताट फडक्यात नीट बांधलं, गाठ मारली, त्याच्या दोन्ही हातांत दिलं. तो पाण्यात उतरला. चार पावलं गेला, थांबला. पाय सरकला, सावरला. मग तसाच उलटा फिरून काठाला आला.

"नाही जमणार ताई. हात मोकळे नसले तर पडेन मी."

वहिनी म्हणाली, "माझे मालक तसेच पडले."

ताट शिपायानं हळूच झाडाखाली ठेवलं आणि हात धुवायला गेला. पण हात त्यानं आधीच धुतले होते.

तुम्ही तिकडं बसून होतात, साहेब. काचेआडून मला तुमचं तोंड दिसत नव्हतं, पण मान कुठं वळलीय ते दिसत होतं. ड्रायव्हर आणि शिपाई परत पोचले तेव्हा तुम्ही हॉर्न वाजवलात, का ते तुम्हालाच ठाऊक. गाडी वळली. धूळ आमच्यापर्यंत आली.

वहिनीनं तुमचं ताट संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. मी म्हणालो, "आता काय राखण करतेस त्याची?" ती म्हणाली, "माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं रे." तिला वाईट वाटत होतं, साहेब. तुमच्यासाठी. ज्या बाईच्या कोंबड्या तुमच्या नावानं गेल्या आणि जिला तुम्ही उन्हाळाभर ताटकळत ठेवलंत, तिला तुमच्या एका दुपारच्या भुकेचं वाईट वाटत होतं. मग ते ताट घरी आणून आम्ही दोघा भावांनी खाल्लं. भाऊ म्हणाला, चव छान झालीय. ती म्हणाली, मला भूक नाही.

दुसऱ्या दिवशी होयबा आला, ओट्याखालीच उभा राहिला. "तुम्ही साहेबांचा अपमान केलात. आता पूल विसरा."

भाऊ म्हणाला, "विसरायला आधी कुणाला आठवला होता?"

त्याला आज आठवडा होऊन गेला. ढग टेकडीच्या या अंगाला आलेत. बाकीच्यांनी बी काढून ठेवलंय. वहिनीनं काढलेलं नाही. ती रोज संध्याकाळी काठावर जाते, पाणी किती आहे ते बघते आणि परत येते. घरात कुणी तिला काही विचारत नाही.

खाल्ल्या मिठाला जागा, असं मी तुम्हाला म्हणत नाही. ते मीठ तिनं पूल मिळावा म्हणून घातलं नव्हतं, जेवणाला चव यावी म्हणून घातलं होतं. मी फक्त एक विचारतो. त्या दुपारी तुम्ही गाडीत बसून बराच वेळ समोर बघत होतात. पलीकडचं जेवण तुम्हाला दिसलं, नाहीतर तुम्ही 'इकडं आणा' म्हणाला नसतात. तुम्ही आणि ते जेवण यांच्या मधे तो मोडका पूल होता. तो दिसला की नाही दिसला? हो किंवा नाही, एवढंच सांगा. पाऊस यायच्या आत सांगा.