पथ्याचा गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. गंज म्हटल्यावर तुम्हाला लोखंडावरचा तांबूस थर आठवेल. पण आमच्या वऱ्हाडात स्वयंपाकाच्या उभट भांड्यालाही गंज म्हणतात.

अकोल्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. मनकर्णाबाईंच्या लग्नात मी वलगावला आलो. घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचे. मनकर्णाबाईंचे यजमान शालिकराम फुलकोबीचे पोते एका झटक्यात खांद्यावर घेत, आणि मळ्यातून आले की माझ्यातले घट्ट वरण अर्धे संपवत. पाहुणेही त्या वरणाची तारीफ करीत. पुढे कुकर आला आणि मी फळीवर कोळ्यांच्या सोबतीला गेलो.

एका हिवाळ्यात शालिकरामांना न्यूमोनिया झाला. ते अमरावतीच्या दवाखान्यातून परतले तेव्हा ताप गेला होता, पण मांड्यांचे मांसही गेले होते. सुटी देताना डॉक्टर म्हणाले होते, हलके खाऊ घाला. सहज पचेल असे, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्या, असे त्यांच्या मनात होते. मनकर्णाबाईंनी हलके म्हणजे पातळ असे धरले. त्यांच्या आईने आणि आजीनेही आजारी माणसाचे पथ्य असेच केले होते.

त्यांनी मला खाली काढून चिंचेने घासले. माझ्यात मुगाची डाळ मऊ शिजे, मग चाळणीतून गाळली जाई. पाणी शालिकरामांना, डाळ बकरीला. मनकर्णाबाईंसारखे पथ्य कोणी करत नाही, असे शेजारच्या बाया म्हणत. बकरी ठणठणीत झाली.

शालिकरामांना एकच हवे होते, कोणाचा हात न धरता संडासला जाता यावे. सून प्रणाली त्यांना धरून नेई तेव्हा ते मान वर करत नसत. एकदा वाटी हातात घेऊन ते म्हणाले, "काहून वं, या पाण्यात डाळ आंघोळ करून गेली का?"

"डॉक्टरनं हलकं सांगतलं. चुपचाप प्या."

"बकरीचं मले दे, अन् हे बकरीले पाज."

मनकर्णाबाई हसल्या. मला हसू आले नाही.

तपासणीला पुन्हा गेले तेव्हा दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी विचारले, काय खातात. मनकर्णाबाईंनी अभिमानाने सांगितले की डाळीचा एक दाणा जाऊ दिला नाही. बाई म्हणाल्या, "काकू, झडलेलं मांस भरून यायला तो दाणाच लागतो. डाळ, दही, शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं, थोडं थोडं द्या. आणि रोज उभं करा, चालवा." सोबत गेलेल्या प्रणालीने घरी येऊन हे सगळे सांगितले. मनकर्णाबाई स्वयंपाकघरातच बसून होत्या.

त्या संध्याकाळी माझ्यात घट्ट वरण शिजले. शालिकराम भिंतीला धरून दारापर्यंत जाऊ लागले. पण गेलेले बळ इतक्या लवकर परत येत नाही. खोकला उलटला. मित्रांनो, छातीतला कफ बाहेर टाकायलाही बळ लागते. ते त्यांच्यात उरले नव्हते. पोळ्याआधी ते गेले. एकट्याने संडासला जाणे काही त्यांना जमले नाही. बायकोने पथ्यपाणी चांगले केले, आयुष्यच तेवढे होते, असे लोक म्हणाले. मनकर्णाबाईंनी ते ऐकून घेतले.

परवा शेजारच्या इंदूबाई आल्या. त्यांचा नितेश टायफॉइडमधून उठला आहे, पण पायावर उभा राहत नाही.

"बाई, तुमचा पथ्याचा गंज द्या. तुमच्यासारखंच पथ्य करीन म्हणते पोराचं."

मनकर्णाबाईंचे ओठ हलले. मला वाटले, आता सांगतील.

"न्या," एवढेच त्या म्हणाल्या. इंदूबाईंनी चाळणीही मागून नेली.

आता मी इंदूबाईंच्या गॅसवर आहे. माझे तोंड मोठे, पण मला बोलता येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी आजारी माणूस असेल आणि डॉक्टर हलके म्हणाले, तर हलके म्हणजे काय ते तिथेच विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी या घरावरून जात असाल, तर जरा आत या. डाळ शिजत आली आहे.