स्पर्शमहाराज आणि सपाट रेघ

इमर्जन्सी विभागात पेशंटजवळ एकानंच थांबावं, अशी ठळक पाटी आहे. तरी माझ्या सासऱ्यांच्या खाटेभोवती अख्खं खानदान जमलं होतं आणि मधोमध नुसत्या स्पर्शानं रोग बरे करणारे स्पर्शमहाराज उभे होते. सासऱ्यांच्या छातीत दुखू लागलं म्हणून मी त्यांना दवाखान्यात आणलं, आणि सासूबाईंनी महाराजांना.

महाराजांनी डोळे मिटून चादरीखालून सासऱ्यांच्या छातीवर हात ठेवला. मॉनिटरवर नाचणारी रेघ एकदम सपाट झाली. यंत्र केकाटलं, सासूबाईंनी हंबरडा फोडला.

"रडू नका! प्राण माझ्या मुठीत आहेत. हे बघा, सोडतो!"

रेघ पुन्हा नाचू लागली. लोक महाराजांच्या पायांवर पडले. ज्यांचे प्राण गेले होते ते सासरे विचारत होते, "काय गं झालं? मला चहा मिळेल का?"

"अहो, तुम्ही मरून परत आलात! दुखणंही थांबलंय ना? चला घरी," सासूबाई म्हणाल्या.

ते खरंच चपला शोधू लागले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या.

"कुठं निघालात? पहिला ईसीजी बरा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. रक्ताची दुसरी तपासणी व्हायचीय."

"महाराजांनी बरं केलंय ह्यांना," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

"असं? मग महाराजांचंही हृदय बघू या. इतकं थोर हृदय रोज कुठं बघायला मिळतं?"

चारचौघांत महाराजांना नाही म्हणता येईना. छातीवर चिकटपट्ट्या लागल्या, वायरी जोडल्या, रेघ नाचू लागली. बाईंनी हळूच एक वायर काढली. रेघ सपाट.

"अरेरे! महाराज गेले!" बाई उद्गारल्या.

"अहो, मी जिवंत आहे!" महाराज ओरडले. सासरेसुद्धा हसले.

"वायर निघाली की यंत्राला ठोके दिसत नाहीत. हृदय आपलं चालूच असतं," बाई म्हणाल्या. "चादरीखाली हेच झालं."

महाराजांना अचानक महत्त्वाचं काम आठवलं. सासूबाईंनी नवऱ्याच्या चपला खाटेखाली सारल्या.

दुसऱ्या तपासणीत हार्ट अटॅक निघाला. हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी लगेच उघडली, म्हणून सासरे वाचले. घरी नेलं असतं तर वाचले नसते.

चमत्कार दिसला की नमस्कार करण्याआधी 'कसा?' एवढं जरूर विचारा. छातीत दुखलं तर मात्र काही विचारत बसू नका, दवाखाना गाठा.