बोललेली चाल

“परिपत्रकच तसं आलंय काका, मी काय करणार?” कॅशियर दारातच उभा राहून म्हणाला. आत आला असता तर बसावं लागलं असतं, आणि बसला असता तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

“दारात उभं राहिल्यानं सुटका होत नाही,” ऑपरेटरकाका म्हणाले. “आत ये, बस, आणि पुन्हा एकदा नीट वाच.”

पाणीपुरवठा खात्याच्या टेलिफोनच्या खोलीत काकांचा उभा जन्म गेला होता. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण फोन करणाऱ्याच्या ‘हॅलो’वरून त्याच्या घरी पाणी आलेलं नाही की नुसतंच गढूळ आलंय, हे ते ओळखत. मतं मात्र त्यांच्याकडे सगळ्या विषयांवर होती, आणि खात्याच्या पाण्यासारखी ती वेळापत्रकानं येत नसत. चोवीस तास धो धो चालू. आता या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माणूस येणार नव्हता, यंत्र येणार होतं. ‘पाणी आलं नसेल तर एक दाबा’ म्हणणारं.

कॅशियरनं वाचलं. कार्यालयीन क्रीडास्पर्धेत यंदापासून पत्ते बंद, कारण तो नशिबाचा खेळ. बुद्धिबळ चालू, कारण तो कौशल्याचा. पण तो मंजूर झालेल्या ॲपवर, मोबाइलवरच खेळायचा, म्हणजे मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल आणि पारदर्शकता राहील.

“नशिबाचे खेळ बंद करायचेत तर आधी बदल्या बंद करा म्हणावं,” काका म्हणाले. “आणि बुद्धिबळ कौशल्याचं, हे कबूल. पण काचेवर बोट फिरवण्याचं कौशल्य त्यात कुणी घुसडलं?”

कॅशियरनं परिपत्रकाची घडी घातली. काकांचं दुखणं त्याला ठाऊक होतं. काका दर वर्षी स्वतःचा पट घेऊन यायचे. घराघराला भोक, सोंगट्यांना खाली खुंटी. काळी घरं किंचित उंच, पांढरी खाली. समोरच्यानं आपल्या पटावर खेळायचं, काकांनी आपल्या, आणि दोघांनी चाल मोठ्यानं बोलायची. बोललेली चाल खरी. हात चुकून भलत्या खुंटीला गेला तरी तोंडातून गेलं ते गेलं. या पटावर काका तीनदा अंतिम सामन्यात आले होते आणि तिन्ही वेळा हरले होते. एकदा, फक्त एकदा, तो चषक घरी न्यायचा होता. आणि आता वर्ष हे एकच उरलं होतं.

“सूट मागू का वरती?” कॅशियर हळूच म्हणाला.

“सूट नको. नाव लिही माझं,” काका म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच घाम फुटला.

घरी गेल्यावर सरकारचा उद्धार सुरू झाला. बायकोनं भाजी चिरता चिरता सगळा ऐकून घेतला.

“झालं?” ती म्हणाली. “नाव देऊन बसलात ना? मग आता तोंडाऐवजी बोट चालवा.” आणि तिनं स्वतःचा मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. “बोलतो हा. मुलीनं मागेच बोलता करून दिलाय. तुम्हीच हात लावत नव्हतात.”

“बोलणाऱ्या यंत्राचं नाव काढू नकोस माझ्यासमोर.”

“अख्ख्या गावाला फोन जोडून दिलेत, आणि फोनलाच घाबरता?”

हे मात्र झोंबलं. काकांनी काचेवर बोट टेकवलं. “ई चार, पांढरं प्यादं,” मोबाइल नाकात बोलला. एकदा टेकवलं की तो घराचं नाव सांगायचा, दोनदा टकटक केलं की चाल पक्की. पहिल्या दिवशी काकांनी स्वतःचाच हत्ती मारून घेतला. दुसऱ्या दिवशी बायकोला हरवलं, जिला घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं. पण हळूहळू बोटांना वाट सापडली. काचेवर खुंट्या नव्हत्या तरी पट डोक्यात होताच, तो आयुष्यभर तिथेच होता. एका संध्याकाळी मोबाइलमधल्या कुणा अनोळखी, परमुलखातल्या माणसाला त्यांनी मात दिली, आणि जेवण ताटात निवत असताना ते खोलीभर फेऱ्या मारू लागले.

“अगं, त्याला कळलंसुद्धा नाही मला दिसत नाही ते,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “कळलंच नाही त्याला.”

“जेवा आता,” बायको म्हणाली, पण तीही हसत होती.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. काकांची बायकोही येऊन पहिल्या बाकावर बसली होती. दोन्ही खेळाडूंनी दोन टोकांना बसायचं आणि पडद्यावर लोकांनी बघायचं, अशी नवी पद्धत. काका एका कानात मोबाइलची तार खोचून दाराजवळच्या टेबलावर बसले. सवयीनं ते प्रत्येक चाल मोठ्यानं बोलत, मग बोटानं करत. लोकांना गंमत वाटू लागली. पडद्यावर दिसायच्या आधीच चाल ऐकू यायची.

उपांत्य सामन्यात समोर भांडारपाल होता. खेळ ऐन रंगात असताना त्याचं बोट घसरलं आणि त्याचा उंट भलत्याच घरात जाऊन बसला.

“काका, बोट घसरलं हो. परत घेऊ?” तो तिकडून ओरडला.

“मोबाइलचा नियम आहे ना? काचेनं ऐकलं ते खरं,” काका म्हणाले आणि त्यांनी तो उंट मारला. सभागृह हसलं. भांडारपाल हरला आणि पाय आपटत बाहेर गेला. काकांना थोडं वाईट वाटलं, पण अंतिम सामना दिसत असताना वाईट फार वेळ टिकत नाही.

अंतिम सामना प्रोग्रामरशी होता. ती खात्यात नवीन आलेली मुलगी. ते ‘एक दाबा’वालं यंत्र तिनंच बसवलेलं. त्यासाठी ती आठवडाभर काकांच्या शेजारी बसून लोक काय काय विचारतात ते टिपत होती. काकांना तिचा राग करायचा होता, पण कुणी मन लावून ऐकायला बसलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं, अगदी रडणाऱ्या बाईशी कसं बोलायचं तेसुद्धा.

मुलगी चांगली खेळत होती. मधेच तिनं काकांची दोन प्यादी उडवली तेव्हा काका खूश होऊन म्हणाले, “शाब्बास पोरी, झोपेत नाहीस तर.” मग त्यांनी घोडा जी पाचवर आणला, आणि वजीर एच पाचला उभा केला. तिचा राजा कोपऱ्यात अडकला होता. तिनं एक चाल केली. मोबाइलनं कानात सांगितली. ती चुकीची होती. काकांनी पट डोक्यात दोनदा तपासला. वजीर एच सात, पाठीशी घोडा, राजाला पळायला जागा नाही. संपलं.

“वजीर एच सात,” काका मोठ्यानं म्हणाले, “आणि मात.”

सभागृहात एकच टाळ्या उसळल्या. कुणी बाक वाजवले, कुणी शिट्टी मारली. काकांनी बोट टेकवलं, पण मोबाइल कानात काय म्हणाला ते त्या गोंगाटात कळलं नाही. काकांनी दोनदा टकटक केलं. त्यांच्या हिशेबानं चाल केव्हाच झाली होती. ती बोलून झाली होती.

टाळ्या विरल्या.

“काका,” कॅशियरचा आवाज जवळ आला, “वजीर एच सहावर गेलाय. प्याद्याच्या तोंडात.”

काकांनी काचेवर बोट ठेवलं. “एच सहा, पांढरा वजीर,” मोबाइल म्हणाला.

तेवढ्यात माइकवर प्रोग्रामर बोलली. “काकांनी एच सात म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलंय. मीही ऐकलंय. चाल मागे घेण्याचं बटण आहे, मी परवानगी देते.”

“द्या, द्या,” लोक म्हणाले. मोठे साहेबही म्हणाले, “माझी हरकत नाही.”

काकांचा हात शिवशिवला. चषक एका बटणावर आला होता. घेतला असता तर कुणी नावं ठेवली नसती. वर्ष हेच शेवटचं होतं, आणि चाल ते बरोबरच बोलले होते. देवाशप्पथ बरोबर बोलले होते. मग त्यांना भांडारपालाचे आपटलेले पाय आठवले.

“भांडारपाल आहे का रे इथं?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मागच्या भिंतीकडून आवाज आला.

“त्याला नाही म्हटलं मी सकाळी,” काका म्हणाले. “आता माझं बोट घसरलं म्हणून मी हो म्हणू? नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायचं ते. पोरी, मार वजीर.”

“काका, नको ना.”

“मार म्हणतो ना. खेळ अजून बाकी आहे.”

बऱ्याच वेळानं मोबाइल कानात म्हणाला, प्यादं, एच सहा, वजीर मारला. काकांनी पाणी मागितलं, ते प्यायले, आणि पुन्हा पुढे वाकले.

त्यानंतर काका जे खेळले ते पाहायला मोठे साहेबसुद्धा खुर्ची सोडून उभे राहिले. वजिराशिवाय, नुसत्या घोड्यांनी आणि प्याद्यांनी त्यांनी तिला असं नाचवलं की एकदा तिला कपाळावरचा घाम पुसावा लागला, असं कॅशियर मागाहून सांगत असे. चाल बोलायची सवय त्यांनी सोडली नाही. फक्त आता ते आधी ऐकत, मग बोलत, मग बोट टेकवत. “हत्ती डी सात, शह.” लोक श्वास रोखून बसले होते. एकदा तर डाव फिरला असंच सगळ्यांना वाटलं. पण वजीर तो वजीर. एक एक करून मोहरे संपले.

“मात,” प्रोग्रामर म्हणाली. तिनं ते माइक बाजूला करून म्हटलं, तरी काकांना ऐकू आलं.

ते उठले. कानातली तार काढली, सदरा सारखा केला, आणि आयुष्यभर प्रत्येक डावानंतर करत आले तसा उजवा हात टेबलापलीकडे पुढे केला.

टेबलापलीकडे कुणीच नव्हतं. मुलगी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होती. कॅशियर लगबगीनं पुढे सरकला, पण बायकोनं त्याची बाही धरून त्याला थांबवलं. काकांनी हात मागे घेतला नाही. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बाकांच्या मधून धावत येणारी पावलं, आणि काका पावलांच्या दिशेनं थोडेसे वळून, हात तसाच पुढे धरून उभे राहिले.