बरणीतला ओढा

झाकणाच्या आतल्या बाजूला एक बुडबुडा चिकटला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो तिथे असायला नको होता. पुष्पावती बराच वेळ त्या बुडबुड्याकडेच पाहत राहिली, कारण त्याच्याखाली जे होतं तिकडे नजर न्यायची तिची तयारी नव्हती. मेणाने तोंड बंद केलेली बरणी, सहा वर्षं प्रयोगशाळेच्या या एकाच खिडकीत, कुणी हात न लावता ठेवलेली... आणि आत आता नुसतं गढूळ पाणी, ओढ्याला लोंढा येऊन गेल्यावर असतं तसं. वरपासून तळापर्यंत एकच मातकट रंग.

काल संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा त्यात पाच रंग होते. पाण्याला टेकलेला हिरवा पट्टा, त्याखाली गंजाचा, त्याखाली पिकल्या जांभळाच्या सालीसारखा, मग एक फिकट शेवाळी, आणि तळाला काजळ. घातलं होतं काय, तर ओढ्याच्या तळाचा गाळ, फाडलेलं वर्तमानपत्र, खडूची पूड आणि उकडलेल्या अंड्याचा बलक. बाकीचं उजेडाने केलं, आणि वेळेने. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी त्या वीतभर चिखलात आपापली पातळी शोधली होती. वरच्यांना हवा लागे, खालच्यांना तीच हवा विष होती, आणि एकाने टाकलेल्यावर दुसरा जगत होता. जांभळा पट्टा यायला तर चौदा महिने लागले. तो दिसला त्या दिवशी तिने कुणाला तरी सांगायचं म्हणून खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहिलं होतं.

"बाई, चांगली झाली का न्हाई?" मागून बन्सीमामा म्हणाले. त्यांच्या खांद्यावर ओलं फडकं होतं. "दोन डाव पुसली. लई धूळ बसली हुती."

"मामा, ही हलवलीत?"

"व्हय तर! उलटीपालटी करून चांगली घुसळली. समदं थर धरून खाली बसलं हुतं, बाई. आता सायब येनार बघाया, म्हनलं त्येंना काय फाटलेलं मिक्चर दावायचं? दवाखान्यात ईस वर्सं काढली म्या. बाटली हलवल्याबिगार डोस दिला की डाक्टर आईबापाचा उद्धार करायचा."

कॉलेजात शिपाई म्हणून येण्याआधी मामा सरकारी दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली होते. इथेही ते शाईची दौत, चुन्याची निवळी, जे दिसेल ते हलवून ठेवत. हे तिला ठाऊक होतं. तरी काल जाताना तीच म्हणाली होती... मामा, उद्या एक साहेब ही बरणी बघायला येणार आहेत, जरा नीट करून ठेवा. सात शब्द पुरे झाले असते, हात लावू नका, नुसतं खालचं फळकूट पुसा. पण तिचं लक्ष कुठे होतं? आरशासमोर, दुसऱ्या दिवशीच्या साडीत.

"बिघडलं का काय?" मामांचा आवाज एकदम उतरला.

"नाही," ती म्हणाली. "बसेल खाली."

बसेल. वाळू तर बसलीच होती. ती मिनिटात बसते. बारीक गाळाला काही तास, आणि सगळ्यात सूक्ष्म जी माती असते तिला दिवसचे दिवस. चारपर्यंत वरचं तीन-चार बोटं पाणी निवळेल... तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि त्या हिशेबाचीच तिला लाज वाटली. निवळलेलं पाणी काय दाखवायचं त्याला?

पत्र पर्समध्ये होतं, पण बघायची गरज नव्हती, चारच ओळी होत्या. दुष्काळी कामांवर नगर जिल्ह्यात आलो आहे. शनिवारी चारच्या सुमारास जीप तुमच्या गावावरून जाईल. ती बरणी अजून आहे का? असली तर बघून जाईन. — श्रीमंत. सहा वर्षांनंतर त्याने बरणीची चौकशी केली होती. पुष्पावती कशी आहे, असं त्यात कुठेच नव्हतं. पण तिने ते ‘अजून आहे का’ इतक्या वेळा वाचलं होतं, की आता ते बरणीविषयी राहिलं नव्हतं.

अकोल्याच्या वरच्या अंगाला, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याखालून तो ओढा वाहत असे. श्रीमंत पाटबंधारे खात्याचा, मूळ नेवाशाचा, प्रवाहाची मोजणी करायला आलेला, ती एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तळाचा गाळ गोळा करायला. पट्टी धरून तो कमरेइतक्या पाण्यात उभा राही आणि आकडे ओरडून सांगे, आणि ती काठावर बसून, स्वतःच्या वहीत नव्हे, त्याच्या वहीत ते लिहून घेई. लोंढा आला की तळ सगळा उलटापालटा होई, दगडांवरचा बुळबुळीत थर खरवडून जाई, आणि ती दर तीन दिवसांनी जाऊन पाही. पंधराव्या दिवशी हिरवं परत येई. ‘पण हे तेच का?’ त्याने विचारलं होतं. ‘म्हणजे दगडाखाली दडून राहिलेलेच वर आले, की वरून वाहत दुसरेच येऊन बसले?’ तिला ते ठाऊक नव्हतं. प्रबंध झाला, पदवी मिळाली, त्या प्रश्नाचं उत्तर प्रबंधात नव्हतं. बरणी भरताना गाळ दाबून बसवला तो त्याने, लाकडी दांडीने, आणि कानशीने काचेवर एक रेघ ओढली. इथवर आपला ओढा, म्हणाला. मग बदलीचा हुकूम आला. पावसाळ्याआधी येतो, म्हणाला...

तो ‘आपला’ शब्द मी किती वर्षं खाल्ला, तिच्या मनात आलं. बरणीतल्या जिवांनी कागद खाल्ला तसा, हळूहळू.

गेल्या रविवारी ती एस.टी.ने ओढ्यावर जाऊन आली होती; त्याला दाखवायला नवा नमुनाही असावा म्हणून. ओढ्याला पाण्याचा टिपूस नव्हता. त्यांच्या जागेवर, बरोबर त्या सपाट खडकाच्या पायथ्याशी, पाण्यासाठी छातीइतका खोल झिरा खणला होता आणि एक बाई आत उतरून नारळाच्या नरोटीने पाणी भरत होती. छबूबाई, तिनेच नाव सांगितलं.

"गाळ नेता व्हय? न्या की, हवा तेवढा न्या. त्यात काय सोनं घावलं तर आमाला बी सांगा."

"इथे पूर्वी आम्ही पाणी मोजायचो," पुष्पावती म्हणाली.

"आता मोजाया सोपं हाय, बाई. ही नरोटी धरा." आणि वर चढताना ती थांबून म्हणाली, "पयल्या दिशी खनलं तवा काळंशार आलं, वास सुटलेला. सासू म्हनं, ही जागा सोडा. म्या म्हनलं, थांबा जरा, निवळंल. निवळलं बघा."

तिथला गाळ पुष्पावतीने आणलाच नाही. कुदळीने उलथलेला तळ तिच्या कामाचा नव्हता, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे तिला तो बघवला नव्हता.

अकराचं प्रॅक्टिकल झालं. मुलींनी कांद्याच्या सालीच्या पेशी काढल्या. दोन वाजता प्रयोगशाळा रिकामी झाली तेव्हा तिने बरणी दोन्ही हातांनी उचलली, न हिंदकळवता, आणि कोपऱ्यातल्या लाकडी कपाटात, जुन्या वह्यांमागे ठेवून दार लावलं. फुटली, असं सांगायचं. मागच्या वर्षीच फुटली. किंवा — नाही, सापडत नाही. फुटली हेच बरं. मग तो ‘अरेरे’ म्हणेल, चहा घेईल, मुलं किती ते सांगेल किंवा सांगणार नाही, आणि जीप जाईल. रंग शाबूत होते आणि फुटली, हे सांगता येत होतं. घुसळून गेली हे नाही. सहा वर्षं कुणी थांबलं होतं याचा तेवढा एकच पुरावा होता, आणि तो ती तोंडाने न सांगता त्याच्यापुढे नुसता धरणार होती. जांभळ्या पट्ट्यावर बोट ठेवणार होती. बस्स.

ती खुर्चीवर बसली. कपाटाचं दार समोर होतं. अडीच. आत अंधार असेल... आणि ती ताडकन उठली. अंधारात जांभळ्या पट्ट्यातले जीव जगायचे नाहीत! घुसळणीत जे काही वाचले असतील, जे गाळाच्या एखाद्या ढेकळाआड हवेपासून लपले असतील, त्यांना आज, याच दिवशी, उजेड हवा होता. हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती काय करत होती?

बरणी परत खिडकीत आली. वर दोन बोटं पाणी फिकट झालं होतं. त्याखाली एक धूसर सीमा, थरथरती, नजरेला न जाणवेल इतक्या सावकाश खाली सरकणारी. मेणाच्या पेन्सिलीने तिने त्या सीमेपाशी काचेवर खूण केली. त्याची कानशीची रेघ बरीच खाली होती. तळाची वाळू तिच्या वेगळ्याच उंचीवर बसली होती, तिरकी.

दडून राहिलेले, की दुसरेच?... ओढ्यात ते कधी कळलंच नसतं. तिथे वरून सतत काही ना काही वाहत येई. पण ही बरणी बंद होती. मेण शाबूत होतं. वरून इथे कुणी येणार नव्हतं. आता जे काही वर येईल ते आतलंच असेल. हे तिच्या सहा वर्षांत एकदाही ध्यानात आलं नव्हतं, कारण सहा वर्षांत बरणीला धक्का लावायची तिची छातीच झाली नव्हती.

"बाई, चा ठिवू का? सायब येतील आता," मामा दारातून म्हणाले. ते सकाळपासून आत आले नव्हते. "रागावलाय का?"

"नाही मामा. या, बघा इकडे. ही रेघ बघून ठेवा."

मामा वाकले, डोळे बारीक करून. "पुना हलवायची न्हाई," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले.

"नाही."

चारला पाच मिनिटं होती. पुष्पावतीने दुसरी खूण केली, पहिलीपासून नखाएवढी खाली. बाहेर फाटकाकडे कुठलीशी गाडी वळली. इंजिनाचा आवाज जवळ आला. या आवाजासाठी तिने किती दुपारी कान देऊन काढल्या होत्या, आणि आता छातीत तसंच धडधडलं, तंतोतंत तसंच... पण तिने मान वळवली नाही. सीमा आत्ता हलत होती. आणखी अर्धा तास मिळाला असता तर तिसरी खूण नीट आली असती. तो यावा, असं तिला वाटत होतंच. फक्त थोडा उशिरा यावा, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.