असलं काही नाही ना?

सिस्टरच्या हाताला उरक होता, हे दवाखान्यात कुणीही सांगितलं असतं. शुगर तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला मनाच्या तब्येतीचे नऊ प्रश्न विचारायचे, असा वरून हुकूम आला, तेव्हा बाकीच्यांनी कपाळावर हात मारला. हिने मात्र लगेच युक्ती काढली. कागद पेशंटच्या हातात द्यायचाच नाही. दिला की तो चष्मा शोधतो, पेन मागतो, नको तेवढा विचारात पडतो. त्यापेक्षा आपणच भराभर वाचायचं आणि खुणा करून मोकळं व्हायचं. उत्तरांच्या गुणांची बेरीज दहाच्या आत आली की सुटलो.

त्या सकाळी शाळेच्या बसचा ड्रायव्हर समोर बसला होता, शेजारी त्याची बायको. उत्तरं बायकोच देत होती.

"झोप कशी लागते?"

"झोप? अहो, घोरतात हे! भिंती हलतात."

"भूक?"

"त्याची तर बातच सोडा."

ड्रायव्हर नुसता हसत होता. बाहेर रांगेत टोकनवरून कुणाचं तरी जुंपलं होतं. सिस्टरने शेवटचा प्रश्न नकारार्थी मान हलवतच विचारला, "आणि जीव नकोसा वाटणं वगैरे, असलं काही नाही ना?"

"काहीतरीच काय विचारता!" बायको फणकारली.

"हो म्हटलं तर काय करता हो तुम्ही?" ड्रायव्हर म्हणाला.

"मग डॉक्टर मॅडम तुम्हाला घरी सोडायच्या नाहीत, दादा!"

तिघंही हसले. तिने 'अजिबात नाही'वर खूण केली. बेरीज तीन. चला, पुढचा!

पुढच्या आजीबाई आल्या, पण सिस्टरचं चित्त थाऱ्यावर येईना. माणूस हसला खरा, पण 'नाही' कुठे म्हणाला? तिने आजीबाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि फुगवायचाच विसरली.

"अगं बाई, झोपलीस की काय?" आजीबाई म्हणाल्या.

तिने पट्टा तसाच सोडला आणि डॉक्टर मॅडमचं दार ढकललं. "मॅडम, त्या बसवाल्या दादांचे तीनच आलेत, पण..."

"तीन राहू दे बाजूला. पण काय?"

"शेवटचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. मीच दिलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग इथे काय उभी आहेस? जा, घेऊन ये त्यांना."

ती धावतच जिना उतरली. औषधांच्या खिडकीपाशी बायको एकटीच उभी होती. हा कुठे गेला? फाटकाशी नाही, नळापाशी नाही. नको नको ते मनात यायला लागलं. शेवटी तो दिसला, उभ्या गाड्यांच्या मागे असलेल्या बाकावर, हातात बसची किल्ली घेऊन. तिच्या जिवात जीव आला. ती धापा टाकत शेजारी बसली.

"दादा, मघाशी मी घाई केली. आता नीट विचारते. मरून जावं असं मनात येतं का?"

तो किल्ली बोटांत फिरवत राहिला. गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, पण आता तिने जीभ दाताखाली धरली आणि वाट पाहिली.

"येतं," तो म्हणाला. "मागच्या खेपेलाही सांगणार होतो. पण तुम्हीच 'नाही ना' म्हणालात. मग म्हटलं, नाही तर नाही."

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण स्वतःला दोष देत बसायची ही वेळ नव्हती. "आज काही करायचं डोक्यात आहे?"

"आज नाही. उद्याचं मला सांगता येत नाही."

"मग आज असंच घरी जायचं नाही. वर मॅडम थांबल्यात. मी सोबत बसते."

तेवढ्यात औषधांची पिशवी घेऊन बायको आली आणि दोघांकडे बघून थबकली.

"अगं, बस जरा," तो म्हणाला. "मी सांगितलं ह्यांना."

काय सांगितलं, हे तिने विचारलंच नाही. ती त्याच्या शेजारी बसली.

"मला कळत होतं हो," ती त्याला म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर आपण काय करायचं, ह्या भीतीने मीच कुणाला विचारू देत नव्हते."