लुंबिनीचे रोप आणि शिडाची पिशवी

माणसांच्या पाठीवर बसून आशिया खंडाचा एक तुकडा पाहून आलेली मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, पिशवीने पाहायचे काय आणि सांगायचे काय? पण माझे जरा ऐका.

जन्माने मी शीड. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका होडीवर मी कित्येक वर्षे वाऱ्याने फुगत होते. कापड कुजू नये म्हणून मला झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, त्यामुळे माझा रंग तांबूस झाला. लाटा अंगावर येत, ऊन ते पाणी वाळवी, पुन्हा लाटा येत. मग होडीला इंजिन बसले. त्याचा आवाज ऐकताच मी ओळखले की आपले काम संपले. मला गुंडाळून जाळ्यांच्या ढिगाखाली टाकले गेले.

त्याच सुमारास सहदेव गुरुजींच्या डोक्यात एक वेड शिरले. गुरुजी रत्नागिरीपासून आत, एका खेड्याच्या शाळेत शिकवीत. एकदा एस.टी. स्टँडवर त्यांनी गणपतीपुळ्याला निघालेले एक परदेशी कुटुंब पाहिले. आई, बाप आणि लहान मूल, तिघांच्याही पाठीवर पिशव्या. ती माणसे नेपाळ पाहून आली होती. हात मोकळे आणि संसार पाठीवर, ही युक्ती गुरुजींना फार आवडली. ते मिरकरवाड्याला शिडे शिवणाऱ्या लवूकडे गेले आणि माझे नशीब उघडले.

लवूने मला जाळ्यांखालून ओढून काढले आणि दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले. मोठे पोट, पुढे एक खण, खांद्यांना रुंद पट्टे. माझ्याच कापडातून घरच्या इतरांसाठी माझ्या धाकट्या बहिणीही निघाल्या.

"गुरुजी, होडी बुडंल पन ह्यो टाका नाय उसवायचा," लवू म्हणाला.

घरी मात्र कौतुक कमी आणि थट्टा जास्त झाली. गुरुजींची आई गंगुबाई ओटीवर बसून माझा वास घेत म्हणाली, "सुक्या बोंबलांचा वास येताय हिला. आनि जायचा कुटं?"

"आशिया बघायला, आये. या सुटीत नेपाळ."

"आशिया म्हंजे कुटला तालुका रे?"

गुरुजींची मुलगी चिमा पाचवीत होती. ती हसत म्हणाली, "आजी, आपली वाडीपन आशियातच हाय."

"मग जायचा कशाला?"

पण नेपाळात लुंबिनी आहे, बुद्धांचे जन्मस्थान, हे कळले तेव्हा गंगुबाई सावरून बसली. त्यांच्या वाडीत बौद्ध मंडळींनी नुकताच लहानसा विहार बांधला होता. विहारापुढचे अंगण अजून उघडे होते. गंगुबाई म्हणाली, "मी येतंय. पन लुंबिनीचा पिंपळ आनायचा. विहारापुढं लावायचा." दुसऱ्या दिवशी ही गोष्ट तिने वाडीभर सांगून टाकली. आता रोप आणल्याशिवाय परत येण्याची सोय उरली नाही.

एस.टी., मग आगगाडी, मग पुन्हा आगगाडी. माझ्या पोटात तांदूळ, कुळथाचे पीठ, कोकम आणि चौघांचे कपडे होते. मी मोठी, म्हणून गुरुजींच्या पाठीवर. माझे पट्टे त्यांच्या खांद्यांत रुतत आणि मला वाईट वाटे. गोरखपूरच्या उन्हात चिमाला जुलाब लागले. फलाटावर चिमाला मांडीवर घेऊन बसलेली तिची आई शालन घामाघूम नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "अवो, तुमचा फळ्यावरचा नकाशाच बरा. त्याला घाम येत नाय नि हगवन लागत नाय."

गुरुजींनी चिमासाठी मीठ-साखरेचे पाणी केले आणि रात्रभर तिला वारा घातला. दोन दिवसांनी ती उठून बसली आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की सीमा जमिनीवर आखलेली असते का? सोनौलीला तिने सीमा ओलांडली, परत आली, पुन्हा ओलांडली. शिपाई हसू लागला.

लुंबिनीच्या तळ्याकाठी गंगुबाई पुष्कळ वेळ हात जोडून उभी राहिली. जवळच्या जुन्या विटांच्या फटीत पिंपळाचे वीतभर रोप उगवले होते. तिथल्या भिक्खूंनी स्वतः ते अलगद सोडवून तिच्या ओंजळीत दिले. तिने डोके त्यांच्या पायांशी टेकले.

आता ऐका, मित्रांनो, कारण घोटाळा इथे झाला. आमच्याकडे आंब्याची कलमे लांब न्यायची असली, की मुळांभोवती माती बांधून गोणपाट गुंडाळतात आणि ते सतत ओले ठेवतात. घरातल्या सर्वांना हेच माहीत. त्यांनी रोपाची मुळे मातीसकट फडक्यात बांधली, ती माझ्या पुढच्या खणात ठेवली आणि गंगुबाई सकाळ-संध्याकाळ माझ्यावर तांब्याने पाणी ओतू लागली. मी चिंब भिजत असे. मला अभिमान वाटे. होडीचा भार ओढला होता, पण असा नाजूक जीव कधी सांभाळला नव्हता.

बस डोंगर चढत पोखऱ्याला पोहोचली. सकाळी ढग सरले आणि बर्फाचे शिखर उभे राहिले. गंगुबाई हळूच म्हणाली, "खरा हाय काय रे ह्यो? का कुनी रंगवलाय?" शालनने नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही. सगळ्या दगदगीचे त्या सकाळी सार्थक झाले.

मग गंगुबाईने खणात पाहिले. रोपाच्या पानांच्या कडा करपल्या होत्या.

तिने जास्त पाणी घातले. पाने जास्तच करपली. एक गळून पडले. गंगुबाई पिशवीशी बसून राहिली. जेवेना.

"सहदेवा, मागं फिर. घरच्या मातीत लावलास तर जगंल."

"आये, काठमांडू एक दिवसाच्या वाटेवर आलंय. पुन्हा कधी येणं होणार आपलं?"

"माजा झाड मरताय आनि तू डोंगर मोजतोयस? वाडीला काय तोंड दाकवू मी?"

गुरुजींचा आवाज चढला, तिचाही चढला. चिमा रडू लागली. धर्मशाळेच्या त्या खोलीत मग चौघेजण एकमेकांकडे पाठ करून निजले. मी कोपऱ्यात होते. रोप माझ्याच कुशीत होते आणि त्याला काय होते आहे हे मला कळत नव्हते.

सकाळी शालन सामान आवरू लागली. माझ्या तोंडाची दोरी ओली होऊन निसटत होती, म्हणून तिने गाठ दातांनी आवळली. ती एकदम थांबली. तिने माझ्या खणाच्या कडेलाही जीभ लावली.

"अवो, इकडं या. ही खारट हाय."

गुरुजींनी चाखून पाहिले. चिमानेही चाखले. तिघे मिळून पिशवी चाटताहेत हे पाहून शेजारच्या खोलीतला यात्रेकरू दारातच थबकला. वाळलेल्या शिवणीवर पांढरी रेघ होती. वर्षानुवर्षे समुद्र माझ्या धाग्याधाग्यांत मुरला होता. रोज ओतलेले पाणी तेच मीठ विरघळवून मुळांपर्यंत नेत होते. जितके पाणी जास्त, तितके मीठ जास्त. माया करता करताच ते रोप मारले जात होते.

गुरुजींनी मला रिकामे केले आणि रागाने अंगणात भिरकावले. "फेकून द्या ही. जाताना बघायलाही नको."

मला गंगुबाईने उचलले. मित्रांनो, ज्या बाईचे रोप करपले होते, तिने.

"तिचा काय चुकला रे? दर्यात वाडलीय ती. तू इचारलास काय तिला, कुटं होतीस म्हनून? मी तरी कुटं इचारला?"

गुरुजींनी शेजारून एक रिकामा डबा मागून आणला, तळाला भोके पाडली, चिमाने चांगली माती आणली आणि मुळे गोड्या पाण्यात धुऊन रोप डब्यात लावले. नंतर गुरुजींनी मला पोखऱ्याच्या तळ्यावर नेले. बुडवले, पिळले, पुन्हा बुडवले. माझ्यातला समुद्र हळूहळू निघून गेला. मला हलके वाटले आणि थोडे पोरकेही.

"आये, फिरूया मागं," गुरुजी म्हणाले.

"आता कशाला? डबा माज्या मांडीवर हाय. काठमांडू दाकव मना. येवडी हाडं खिळखिळी करून आनलायस तर."

काठमांडूच्या स्तूपाच्या पायऱ्या ती डबा छातीशी धरून चढली. तिथेच शेवटचे पान गळले. तिने ते पदरात बांधले. परतीच्या वाटेवर गर्दीत, झोपेत, आजारपणातही तिने डबा कुणाच्या हाती दिला नाही.

वाडी वाट पाहत होती. डब्यात फक्त एक काडी होती. शेजारचा बाबल्या म्हणाला, "गंगुआजी, येवड्या लांबून काटकी आनलीस? चुलीला हितं कमी व्हत्या काय?" लोक हसले. गंगुबाईने ऐकून घेतले आणि ती काडी विहारापुढे लावली. दररोज ती तिथे जाऊन बसे. गुरुजीही शाळेतून येताना तिच्याजवळ बसू लागले. एका सकाळी त्या काडीच्या बुंध्याशी तांबडा, तेलकट चमकीचा कोंब दिसला. गंगुबाईने बाबल्याला हाताला धरून आणले आणि म्हणाली, "बग, आनि आता चुलीत घाल."

आज तो पिंपळ चिमाच्या डोक्यावर गेला आहे. मी मात्र माळ्यावर पडून आहे आणि माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. तक्रार नाही. एवढेच सांगते, की जुनी वस्तू कामाला घ्याल तेव्हा ती आधी कुठे होती, तिने काय सोसले, हे जाणून घ्या. तिला धुवा, वाळवा आणि मगच तिच्यावर आपला जीव सोपवा. माणसांनाही हेच लागू असावे, पण ते तुम्हाला जास्त कळेल.

आणि तुमच्यापैकी कुणाला चिमा भेटलीच, तर तिला सांगा, मला खाली काढ. कोपरा लवू सांधून देईल. आशिया अजून बराच बघायचा राहिला आहे.